शेवटच्यानं फाटक लावायचं

१

लोखंडी खिटी खाचेत पडल्याचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे गुडघे चांगले होते आणि माझी बायको, मेरिएलची आई, जिवंत होती.

मी एकटाच सायकलवर निघालो होतो. ब्लॅकहोपच्या टेकडीवरून वेनस्टो गावात उतरणारा रस्ता तेव्हाही असाच होता. एका गाडीपुरता रुंद, मधोमध गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना नेच्यांचं रान आणि त्यात मोकळ्या मेंढ्या. माथ्यावर रस्त्यालाच आडवं फाटक आहे, मेंढ्या खाली गावात शिरू नयेत म्हणून. सायकलवरून उतरायचं, फाटक उघडायचं, सायकल पलीकडे घ्यायची, फाटक लावायचं. त्या दिवशी मी ते लावलं. हातानं ढकलून पाहिलं, तशी माझी सवयच आहे. मग उताराला लागलो. पहिलं वळण यायच्या आत मागून आवाज आला. फाटक लागलं.

लागलेलं फाटक पुन्हा कसं लागेल? आधी ते कुणीतरी उघडायला हवं. आणि ते उघडताना बिजागरी अशी किंचाळते की खालच्या शेतातलं कुत्रं भुंकायला लागतं. बिजागरी वाजली नव्हती. कुत्रं भुंकलं नव्हतं. नुसतं लागल्याचा आवाज आला होता.

मेंढपाळ असेल, म्हटलं. वारा असेल. वारा नव्हता. पण मला चहाची तलफ आली होती आणि उतार चांगला होता, म्हणून मी वारा होता असं धरून चाललो. घरी कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात होतं काय?

२

आमच्या लेडवर्थच्या सायकल मंडळात रविवारी जो येईल तो येतो. पूर्वी खाणीतले लोक यायचे, पोस्टातले यायचे. मी रस्त्याच्या कडेची गटारं साफ करणाऱ्या टोळीत होतो. हल्ली शहरातून येऊन राहिलेले लोक येतात. त्यांच्या सायकली माझ्या पहिल्या गाडीपेक्षा महाग असतात आणि एका बोटावर उचलता येतात. ती उचलून दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. शांत रस्ते हवेत म्हणून ते टेकड्यांमध्ये येतात आणि त्या शांततेत पेन्शन, शाळा आणि स्वयंपाकघराच्या फरशा यांवर अखंड बोलतात. चढ लागला की गप्प होतात. म्हणून मला चढ आवडतात.

पण फाटकाचा नियम त्यांनाही पाळावा लागतो. पहिल्यानं उघडायचं, शेवटच्यानं लावायचं. लावलं की शेवटच्यानं ओरडायचं, "सगळे आले!" पुढचे लोक वळणापाशी थांबलेले असतात. ही हाक ऐकली की निघतात. मागे वळून कुणी पाहत नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की चाक वळतं, आणि मग मागचा तुमच्या अंगावर येतो. आम्ही मागच्याला डोळ्यांनी ओळखत नाही, आवाजानं ओळखतो.

सगळ्यांत हळू मीच, त्यामुळे शेवटचा मीच. कित्येक वर्षं ती हाक माझीच होती.

मंडळाचा कॅप्टन गॅव्हिन. माझा जावई. घरं विकतो. खाणीतल्या मजुरांच्या खोल्यांना तो 'मोहक कुटिरं' म्हणतो आणि लंडनच्या लोकांच्या गळ्यात मारतो. त्याला माझ्याबद्दल काय वाटतं हे त्यानं कधी लपवलं नाही. मला त्याच्याबद्दल काय वाटतं हे मी लपवायचो, पण ते त्याला कळायचं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचा विल्फ सायकल चालवत नाही, तिला फिरायला नेतो."

मेरिएल तेव्हा खळखळून हसली होती. तिच्याकडे पाहून मलाही हसू आलं. तिची आई गेल्यावर ही मुलगी पुष्कळ दिवस हसलीच नव्हती. मग हा माणूस तिला चर्चच्या जत्रेत भेटला. पाद्रीबुवांपासून केक विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांची त्यानं तिच्या कानात अशी टर उडवली, की ती हसता हसता गवतात बसली. त्याच्या जिभेला फार धार होती. त्या धारेवर माझी मुलगी जगत होती. मला ते कळायचं नाही, पण मी ते मानलं होतं.

३

पुढे कित्येक वर्षांनी, हिवाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी डॉटच्या सायकलची चेन उतरली. डॉट म्हणजे आमच्या गावची जुनी पोस्टमन बाई. सत्तरी उलटली तरी चढावर शिव्या देत देत चढते. फाटक अजून वर होतं, बाकीचे पुढे गेले होते. मी थांबलो, सायकल उलटी केली, चेन लावत बसलो.

वर फाटक लागलं. मग स्पष्ट हाक आली, "सगळे आले!"

डॉटनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला ग्रीस लागलं होतं आणि तोंड मिटलेलं होतं.

"विल्फ," ती म्हणाली, "तू इथे आहेस ना?"

"आहे की."

"मग वर कोण ओरडलं तुझ्या आवाजात?"

"माझ्या कसल्या? कुणीतरी चेष्टा करतंय."

"अरे, तू 'सगळे' म्हणताना मध्ये एवढा थांबतोस की तेवढ्यात माझा चहा होईल. तसंच म्हटलं ते."

आम्ही वर गेलो तर फाटक लावलेलं होतं आणि पलीकडे कुणी नव्हतं. खाली वेनस्टोला मिसेस पार्फिटच्या चहाच्या दुकानात सगळे बसले होते, अर्धे टीकेक, ते मनुका घातलेले भाजलेले पाव, संपले होते.

"या, या," आयव्हर म्हणाला. तो पूर्वी खाटीक होता, आता नुसता लठ्ठ आहे. "हाक मारून झाल्यावर परत डोंगरात कशाला गेला होतात दोघं? लग्नाचं वय उलटलंय तुमचं."

"मी हाक मारली नाही," मी म्हणालो.

"सगळ्यांनी ऐकली," गॅव्हिन म्हणाला. वर पाहिलंही नाही, टीकेकला लोणी लावत राहिला. "त्या आवाजाची नक्कल कोण करणार? कुणाला एवढा वेळ आहे?"

"डॉटला विचार."

"डॉटला कानात मशीन आहे आणि तुला कानात काहीच नाही. दोघं मिळून एक साक्षीदार होत नाही."

सगळे हसले. मिसेस पार्फिटसुद्धा. मी चहा घेतला. मला त्यांचा राग आला नाही. बाहेर टेकडीवर जे झालं ते या लोकांना सांगायला गेलो याचीच मला लाज वाटली.

४

दुपारी मेरिएलकडे जेवायला गेलो. रविवारचं भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी. गॅव्हिननं सकाळचा सगळा किस्सा तिला सांगितला, माझ्या आवाजात, मध्ये थांबत थांबत. "सऽऽ... गळे..." असं म्हणून त्यानं घड्याळ पाहिलं, एक बटाटा खाल्ला आणि मग "...आले" म्हणाला. मेरिएलच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

मी म्हटलं, "गॅव्हिन, थोडे दिवस तो रस्ता सोडू. खालून दरीतून जाऊ."

"का? भूत आहे?"

"मी भूत म्हटलं नाही."

"म्हण की. निदान गोष्ट तरी रंगेल. मंडळातला सगळ्यांत मंद माणूस आणि त्याच्याहून मंद भूत." त्यानं सुरी खाली ठेवली. "पुढच्या रविवारी शेवटी मी राहतो. फाटक मी लावतो, हाक मी मारतो. आयव्हर पुढे जाईल. तू मध्ये राहा, जिथे कुणाचं काही बिघडणार नाही तिथे."

"नको."

"हे बघ सासरेबुवा, तुझ्या हातात आयुष्यात एकच काम राहिलं होतं आणि तेही तुला नीट जमेना. दे इकडे."

मेरिएल म्हणाली, "गॅव्ह, पुरे." पण तोंडावर हसू होतं.

नंतर भांडी घासताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हात पुसत म्हणाली, "डॅड, ऐक. तो उतारावर वेड्यासारखा सुटतो. रस्ता ओला असतो, पानं पडलेली असतात. त्याला सांगून उपयोग नाही. तू फक्त त्याच्या आसपास राहा. मला तो धड घरी हवा."

"राहीन," मी म्हणालो.

"तो तुला एवढं बोलतो, मला कळतं. पण घरात तो गप्प बसला ना, की मला भीती वाटते. बोलत असला की वाटतं, सगळं ठीक आहे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचो तसा. ओल्या हातानं.

५

त्या रविवारी खाली ऊन होतं. वर धुकं. अर्धा चढ झाल्यावर पुढच्याचं मागचं चाक दिसेनासं झालं, नुसती त्याची सूं सूं ऐकू येई. बोलणं बंद झालं होतं. रस्त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या आणि ओला नेचा. कुठेतरी एक मेंढी म्हाताऱ्यासारखी खोकत होती.

फाटक आलं. आयव्हरनं उघडलं, बिजागरी किंचाळली, खाली कुत्रं भुंकलं. सगळे एकामागून एक गेले. माझ्यापुढे डॉट, माझ्यामागे फक्त गॅव्हिन. पिवळं जाकीट, नारिंगी हातमोजे. तो फाटकाला टेकून उभा होता.

"चल, चल," तो म्हणाला. "मेंढ्या तुझ्यापेक्षा लवकर जातात आणि त्यांना ढकलावंही लागत नाही."

"सावकाश ये," मी म्हणालो. "मी वळणावर थांबतो."

"कशाला? माझा हात धरायला?"

मी पुढे झालो. सायकलवर बसलो. मागे खिटी खाचेत पडली. मग गॅव्हिनचा आवाज आला, त्याचा नेहमीचा, वरच्या पट्टीतला, "सगळे आले!" वळणापलीकडे आयव्हर आणि बाकीचे निघाल्याचं मला ऐकू आलं. ब्रेक सुटले, गिअर पडले. डॉटही गेली.

मग फाटक पुन्हा लागलं.

बिजागरी वाजली नाही. कुत्रं भुंकलं नाही. नुसतं लागलं.

मी ब्रेक दाबले आणि एक पाय खाली टेकून उभा राहिलो. तेवढ्यात धुक्यातून तो आला. पिवळं जाकीट, नारिंगी हातमोजे, ब्रेकवर बोटं. अगदी बेतानं उतरत होता. ओल्या पानांना वळसा घालून तो माझ्या शेजारून गेला.

"आभारी आहे, विल्फ," तो म्हणाला. "थांबलात, बरं वाटलं."

आणि खाली गेला.

मेरिएलचं लग्न झाल्यापासून त्या माणसानं माझे कधी आभार मानले नव्हते. मला ते आवडायला हवं होतं. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या मानेवर काटा आला. वय झालं की माणूस चांगल्या शब्दालाही भितो, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग सायकल वळवली आणि ढकलत वर निघालो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मेरिएलनं मला एकच गोष्ट मागितली होती, आणि ती खाली गेली की वर राहिली, याची मला खात्री वाटेना.

फाटक लावलेलं होतं. त्याच्या वरच्या दांडीवर पलीकडून दोन हात होते. नारिंगी हातमोजे, कोपरापर्यंत पिवळ्या बाह्या. कोपराच्या मागे धुकं. ते हात फाटक धरून हलवत होते. बंद दार आतून एखादा जिवाच्या आकांतानं हलवतो तसे. खांदे लावून हलवत असणार. पण फाटक जराही हलत नव्हतं. आणि आवाज नव्हता. खिटीला कुलूप नसतं, नुसती उचलायची असते. ती त्याच्या हाताखालीच होती.

"गॅव्हिन!" मी ओरडलो.

हात थांबले. मग एक हात उचलला गेला आणि माझ्या दिशेनं उघडला, पंजा वर करून.

मी सायकल टाकली आणि धावलो. माझं धावणं म्हणजे काय! खिटी उचलली. फाटक ओढलं, बिजागरी किंचाळली, खाली कुत्रं भुंकलं.

पलीकडे कुणी नव्हतं. रस्ता होता, गवताची पट्टी होती. मी हाका मारल्या. नेच्यांत शिरलो, कमरेपर्यंत भिजलो. मेंढ्या होत्या, सगळ्या जवळजवळ उभ्या आणि सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. मी किती वेळ हाका मारल्या माहीत नाही. घसा बसला.

परत आलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. आयुष्यभर मी ते लावलं होतं. उघडं टाकून जाणाऱ्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. त्या दिवशी मी ते सताड उघडलं आणि पायाशी दगड लावला. मेंढ्या गावात गेल्या तर जाऊ देत. मग सायकल उचलली आणि खाली निघालो.

पहिल्या वळणावर मागून आवाज आला. फाटक लागलं.

६

मिसेस पार्फिटचं दुकान गरम होतं. काचांवर वाफ आली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी आयव्हर, डॉट आणि बाकीचे बसले होते. मधोमध गॅव्हिन.

"या विल्फ," तो उठला. उठला! "तुम्ही भिजलात. इथे बसा, हीटरजवळ. मिसेस पार्फिट, यांना चहा. टीकेक फार छान झालाय तुमचा."

मिसेस पार्फिट लाजली. ती गेली कित्येक वर्षं त्याला टीकेक देत होती आणि तो त्याला चपलेचा तळ म्हणत होता.

"गुडघा कसा आहे?" त्यानं मला विचारलं.

"तू... तू फाटकापाशी किती वेळ होतास?"

"लावलं आणि निघालो. तुम्हाला वाटेत भेटलो की." त्यानं माझ्या कपात चहा ओतला. किटलीचं तोंड कपाला लागू न देता, थेंब न सांडता. "तुम्हाला काळजी वाटली. किती चांगलं."

मी डॉटकडे पाहिलं. ती टीकेक खात होती. म्हणाली, "बघ, कॅप्टन आज माणसात आलाय. डोंगरावरची हवा लागली वाटतं."

"रोज लागू दे," आयव्हर म्हणाला. "मला आज त्यानं 'तब्येत सुधारलीय' म्हटलं. मी बायकोला सांगणार आहे."

सगळे खूश होते. तेच लोक मागच्या रविवारी माझ्यावर हसले होते आणि आज त्याच्याबरोबर हसत होते. त्यांना कुणीही चालतं. गोड बोलणारा कुणीही खुर्चीवर आणून बसवा, ते त्याला कॅप्टन म्हणतील आणि लोणी पुढे सरकवतील. मी त्याचा चेहरा पाहत होतो. चेहरा त्याचाच होता. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं, तेही होतं. डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत माझ्याबद्दल काहीही नव्हतं. पूर्वी निदान तिरस्कार असायचा.

धुक्यात मला भास झाला असेल. माणूस कधी कधी एका दिवसात सुधारतो, तसंही असेल. एक चहाचा घोट घेईपर्यंत मी हे दोन्ही मानून पाहिलं.

बाहेर मेरिएलची गाडी थांबली. त्या दोघांना तिच्या मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं, म्हणून ती त्याला न्यायला आली होती. ती नेहमीसारखी घाईनं आत आली. केस विस्कटलेले, कोटाचं एक बटण तुटलेलं. तो कोट घातला की गॅव्हिन तिला 'बुजगावणं' म्हणायचा, म्हणूनच ती तो घालायची.

"काय कॅप्टन!" ती दारातूनच म्हणाली. "लागलं का फाटक, की मेंढ्यांनी मदत केली?" आणि तोंडावर हसू तयार ठेवून थांबली. उत्तर यायचं होतं.

तो उठला. तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"तू आलीस," तो म्हणाला. "थंडीत गाडी चालवत आलीस, दमली असशील. बस ना. हा कोट तुला फार शोभतो."

आयव्हर म्हणाला, "आहाहा!" कुणीतरी टाळी वाजवली.

मेरिएल हसत होती. मग ते हसू तसंच राहिलं आणि मागचं सगळं निघून गेलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग एक पाऊल पुढे आली आणि त्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन, आंधळ्या माणसानं पाहावं तसं तिनं पाहिलं. तो तिच्याकडे पाहून प्रेमानं हसला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त खिडकीतून टेकडीकडे पाहिलं, जिथे धुकं होतं.

मी उठायला लागलो. त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. हात ऊबदार होता, आणि किती जड!

"बसा, विल्फ," तो म्हणाला. "चहा गार होईल."

मेरिएलनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. दार उघडून बाहेर गेली. गाडीपाशी थांबली नाही. दुकानाच्या भिंतीला वळसा घालून, कोटाची कॉलर वर करत, ती वर फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली. भराभर चालत.